जठराचा कर्करोग, रक्तातल्या खुणा आणि सरावली

पोटात जळजळ झाली की मराठी माणूस ‘पित्त झाले’ म्हणतो आणि मोकळा होतो. मुंबईच्या उपनगरात हे वाक्य जितक्या सहजपणे कानी पडते, तितक्याच सहजपणे ते डहाणू तालुक्यातील सरावलीतही पडते. फरक असतो तो पुढच्या पावलाचा. उपनगरातील माणूस औषधाच्या दुकानातून पँटोप्राझोलची पट्टी आणतो, बरे वाटले नाही तर पोटविकारतज्ज्ञाकडे जातो आणि आठवडाभरात दुर्बिणीची तपासणी होऊन जाते. सरावलीहून चिकूच्या वाडीत, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर रोजाने जाणाऱ्याची गोष्ट निराळी. दवाखान्याची एक फेरी म्हणजे त्याची एका दिवसाची मजुरी बुडाली. गोळ्यांनी दुखणे थांबले नाही आणि मोठ्या तपासणीची वेळ आली, तर डहाणू-तलासरीकडचे रुग्ण वापी, वलसाड, सिल्वासा नाहीतर थेट मुंबईची वाट धरतात. डहाणू रोडपासून चर्चगेट सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे.

म्हणूनच, बोटभर नळीतल्या रक्तावरून जठराचा कर्करोग वेळीच कळेल, ही कल्पना शहरापेक्षा अशा गावाला अधिक हवीहवीशी वाटावी, यात नवल नाही. ही कल्पना निव्वळ हवेतली आहे, असेही नाही. सिंगापूरच्या आरोग्य नियामकाने २०१९ साली रक्तातील १२ प्रकारचे मायक्रोआरएनए मोजणाऱ्या एका चाचणीला याच कामासाठी मान्यता दिली. जनुकांच्या कामावर अंकुश ठेवणारे हे इवलेसे रेणू ज्यांनी प्रथम शोधले, त्या व्हिक्टर अॅम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या शास्त्रज्ञांना २०२४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांच्या ‘पूर्ण शरीर तपासणी’च्या यादीत ‘कॅन्सर मार्कर’ या मथळ्याखाली चार-दोन चाचण्या हमखास आढळतात. या चाचण्या नेमके काय सांगतात आणि त्या सरावलीसारख्या गावात नेल्या तर तिथल्या माणसाच्या पदरात काय पडेल, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

जगात २०२२ या एका वर्षात जठराच्या कर्करोगाचे सुमारे ९ लाख ६८ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ६ लाख ६० हजार लोक या रोगाने दगावले, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेची आकडेवारी सांगते. मृत्यूचे हे प्रमाण इतके मोठे असण्याचे कारण जठराच्या घडणीतच आहे. जठर ही ताणली जाणारी पिशवी आहे. तिच्या आतल्या अस्तरावर वाढणारी गाठ बराच काळ कशाला अडत नाही, दुखतही नाही. दुखलीच तर अपचनासारखी दुखते. गिळताना अडकू लागते, उलट्या होऊ लागतात, वजन झपाट्याने उतरते, तोपर्यंत रोग बहुधा जठराच्या भिंतीपलीकडे गेलेला असतो. याउलट गाठ आतल्या थरापुरती मर्यादित असताना सापडली, तर पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर जाते, हे जपानने दाखवून दिले आहे. दोन टोकांमधले हे अंतर मोठे असल्यामुळेच लवकर ओळख पटवणाऱ्या खुणेचा शोध इतक्या नेटाने चालला आहे.

ती खूण कुठे शोधायची हे समजण्यासाठी जठराच्या अस्तरात काय घडते, ते पाहावे लागेल. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरात तग धरून राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू वेगळा केला. आम्लाच्या या डोहात जिवाणू राहूच शकत नाही, अशी तोवर वैद्यकाची समजूत होती. कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ मध्ये त्या जिवाणूंचे द्रावण स्वतःच पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. दोघांना २००५ मध्ये नोबेल मिळाले. त्याआधीच, १९९४ मध्ये, आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या पहिल्या वर्गात बसवले होते.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच, घरातल्या घरात, एकाकडून दुसऱ्याकडे जातो. दाटीची घरे आणि अशुद्ध पाणी त्याला मानवते. एकदा वस्तीला आला की तो औषधाशिवाय सहसा जात नाही. त्याच्यामुळे जठराचे अस्तर सतत धुमसत राहते. काही जणांत वर्षानुवर्षांच्या दाहाने अस्तर विरळ होते, आम्ल आणि पाचकरस तयार करणाऱ्या ग्रंथी झिजतात. पुढे काहींच्या जठरात चक्क आतड्यातल्यासारख्या पेशी दिसू लागतात. त्यांतल्या थोड्यांच्या पेशींची ठेवण बिघडते आणि अगदी थोड्यांत कर्करोग होतो. पायऱ्यापायऱ्यांची ही मांडणी कोलंबियातील विकृतिशास्त्रज्ञ पेलायो कोरेया यांनी केली. ही वाट उतरायला काही दशके लागतात आणि बहुतेक माणसे पहिल्या-दुसऱ्या पायरीवरच आयुष्य काढतात, ही दोन वाक्ये पुढच्या सगळ्या विवेचनाच्या मुळाशी आहेत.

या प्रवासातील रक्तात उमटणारी सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत उपयोगी खूण म्हणजे पेप्सिनोजेन. प्रथिने पचवणाऱ्या पेप्सिनचे हे आधीचे रूप. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला प्रकार जठराच्या मधल्या मोठ्या भागातील ग्रंथी तयार करतात. दुसरा प्रकार संपूर्ण जठर आणि त्याला लागून असलेला लहान आतड्याचा आरंभीचा भागही तयार करतो. मधला भाग झिजला की पहिला प्रकार घटतो, दुसरा फारसा घटत नाही. साहजिकच दोहोंचे गुणोत्तर उतरते. जपानी संशोधकांनी पहिल्या प्रकाराचे प्रमाण एका मिलिलिटरमागे ७० नॅनोग्रॅम किंवा कमी आणि गुणोत्तर ३ किंवा कमी, अशी सीमारेषा ठरवली. त्याला जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या चाचणीची जोड देऊन माणसांचे चार गट पाडले. जिवाणू नाही आणि झीजही नाही, तो सर्वांत सुरक्षित गट. जिवाणू आहे पण झीज नाही, तो दुसरा. दोन्ही आहेत, तो तिसरा. आणि अस्तर इतके झिजले की जिवाणूलाही तिथे राहवेना, म्हणून प्रतिपिंडे दिसत नाहीत पण झीज दिसते, तो चौथा आणि सर्वांत धोक्याचा. जिवाणू निघून जाणे ही इथे वाईट बातमी ठरते!

पण नीट पाहिले तर या चाचणीत कर्करोग कुठेच मोजला गेलेला नाही. मोजली गेली ती जमिनीची अवस्था. तिथे तण उगवले आहे की नाही, ते दुर्बिणीनेच पाहावे लागते. पसरट वाढणारा, अस्तर न झिजवताच येणारा जठराच्या कर्करोगाचा जो प्रकार आहे, तो तर या चाळणीतून सहज निसटतो. शिवाय ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी पेप्सिनोजेनचे रक्तातील प्रमाण वाढते. ज्या देशात या गोळ्या चिठ्ठीवाचून मिळतात आणि न्याहारीआधी घेण्याची सवयच जडलेली असते, तिथे एखादे झिजलेले जठर कागदावर ठणठणीत दिसू शकते.

पॅकेजमध्ये आढळणाऱ्या सीईए, सीए १९-९ आणि सीए ७२-४ या चाचण्यांची कथा आणखी निराळी. या प्रथिनांचे प्रमाण रोग पसरल्यावर अनेकांत वाढते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर रोग परतला का, यावर नजर ठेवण्यास त्यांचा उपयोग होतो. आरंभीच्या अवस्थेत मात्र बहुतेक रुग्णांत त्या मुकाट असतात. उलट सीईए धूम्रपान करणाऱ्यांतही वाढलेला आढळतो. निरोगी माणसाने धास्तीपोटी या चाचण्या करून घ्याव्यात, याला शास्त्रीय आधार नाही. अहवाल ‘सामान्य’ आला म्हणून पोटाच्या जुन्या तक्रारीकडे दुर्लक्ष झाले, तर तो दिलासा महागात पडतो.

नव्या पिढीच्या चाचण्या खुद्द गाठीतून रक्तात सांडलेले तुकडे शोधतात. मरणाऱ्या पेशींचा डीएनए रक्तात मिसळतो आणि कर्करोगपेशींच्या डीएनएवर मिथाइल गटांची ठेवण बदललेली असते. ती ठेवण वाचून कर्करोग आहे का आणि कुठल्या अवयवात आहे, याचा अंदाज बांधतात. अनेक कर्करोग एकदम शोधू पाहणाऱ्या अशा एका अमेरिकी चाचणीचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास बोलका आहे. चौथ्या टप्प्यातील सुमारे ९० टक्के कर्करोग तिने ओळखले. पहिल्या टप्प्यातील मात्र जेमतेम १७ टक्के. गाठ लहान असताना ती रक्तात सांडतेच थोडे. थोडक्यात, ज्या टप्प्यावर चाचणीची खरी गरज, तिथेच ती अडखळते. मायक्रोआरएनएची चाचणी या बाबतीत सरस असल्याचे तिचे अभ्यास सांगतात. पण ती ज्या लोकसंख्येत पारखली गेली तिथे हा रोग आपल्यापेक्षा अधिक आढळतो.

(उपचारासाठी वापरल्या जाणाऱ्या खुणा हा स्वतंत्र विषय आहे. गाठीच्या तुकड्यावर एचईआर-२ हे प्रथिन भरपूर असेल तर ट्रास्टुझुमॅब या औषधाने आयुष्य वाढते, हे २०१० मध्ये सिद्ध झाले. नंतर आणखी अशा खुणांची भर पडली. त्यांचा उपयोग निदान झाल्यानंतरचा. ‘मार्कर’ हा एकच शब्द या साऱ्यांना लावला गेल्याने गोंधळ उडतो, इतकेच.)

रोग किती आढळतो, यावर चाचणीची किंमत ठरते. हे पटण्यासाठी साधा हिशेब पुरे. समजा, एक चाचणी अतिशय चांगली आहे: शंभर रुग्णांपैकी नव्वद ओळखते आणि शंभर निरोगी माणसांपैकी नव्वदांना बिनचूक निरोगी म्हणते. समजा, एका भागातील एक लाख प्रौढांमध्ये जठराचा कर्करोग असलेले २० जण आहेत. चाचणी त्यांपैकी १८ जणांना पकडेल. उरलेल्या ९९,९८० निरोगी माणसांपैकी दहा टक्के, म्हणजे ९,९९८ जणांनाही ती ‘संशयित’ ठरवेल. दहा हजारांहून अधिक घाबरलेल्या माणसांत खरे रुग्ण अठरा, साडेपाचशेत एक. एका डॉक्टरने रोज वीस जणांची दुर्बिणीने तपासणी केली, तर एवढ्या लोकांना पाचशे दिवस लागतील. हीच चाचणी लाखात ३०० रुग्ण असलेल्या वयोगटात केली, तर प्रत्येक अडतीस संशयितांमागे एक रुग्ण सापडेल. चाचणी तीच, प्रयोगशाळा तीच; बदलला तो फक्त प्रदेश.

म्हणूनच जपान आणि दक्षिण कोरियाला जे परवडते ते आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. जपानने बेरियम पाजून क्ष-किरण तपासणीपासून सुरुवात केली आणि अलीकडे दुर्बिणीचा पर्यायही स्वीकारला. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी जठराची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाचा भाग आहे. भारतात २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी तिशीपुढील लोकांसाठी तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी सुचवली. जठराचा त्यात समावेश नाही. ही हयगय म्हणता येणार नाही. देशात या रोगाचा सर्वाधिक प्रादुर्भाव मिझोराममध्ये आहे. धुरावर वाळवलेले मांस आणि तंबाखूचा धूर पाण्यात मुरवून केलेले ‘तुइबुर’ यांच्याशी संशोधकांनी त्याचा संबंध जोडला आहे. महाराष्ट्र या नकाशावर पुष्कळ खाली आहे. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये देशातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू केली, तेव्हापासूनच्या नोंदी आपल्यापाशी आहेत, म्हणून हे ठामपणे सांगता येते.

त्यातही एक कोडे आहे. हेलिकोबॅक्टर भारतात दुर्मिळ नाही. निम्म्याहून अधिक प्रौढांत तो आढळतो. मग कर्करोग इतका कमी का? संशोधक याला ‘भारतीय कोडे’ म्हणतात. पूर्व आशियातील जिवाणूंत ‘कॅगए’ या विषारी प्रथिनाचा जो आक्रमक प्रकार आढळतो, तो आपल्याकडील जिवाणूंत सहसा नसतो, हे एक उत्तर. आहार, माणसाची जनुके, अस्तराची झीज कुठल्या भागात होते, हेही मुद्दे आहेत. पूर्ण उत्तर अजून हाती आलेले नाही. डहाणूच्या किनाऱ्यावर पावसाळ्यासाठी सुकी मासळी साठवण्याची रीत जुनी आहे आणि मिठात मुरवलेले पदार्थ या रोगाचा धोका वाढवतात, असा पुरावा आहे. तथापि दोरीवर नुसत्या उन्हात वाळलेला बोंबील आणि मिठात खारवलेला मासा यांना एकाच मापाने मोजू नये. व्यवहाराच्या दृष्टीने कोड्याचा अर्थ इतकाच की, सरावलीत नुसत्या जिवाणूची चाचणी केली तर अर्धे गाव ‘दोषी’ ठरेल आणि त्यांतल्या बहुतेकांना कर्करोग कधीच होणार नाही.

सर्वांना औषध देऊन जिवाणूच का घालवू नये, असे कोणी विचारील. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४ पासून हेच केले गेले आणि जठराच्या कर्करोगाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. चीनमधील लिनचू परगण्यातील ९८० गावांत सुमारे १ लाख ८० हजार लोकांवर झालेल्या प्रयोगात, बारा वर्षांच्या आसपासच्या अवधीत, घट दिसली ती १४ टक्क्यांची. हे दोन्ही प्रदेश या रोगाने ग्रासलेले होते, हे विसरता कामा नये. आपल्याकडे आधीच प्रतिजैविकांचा सुकाळ आहे. क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा हेलिकोबॅक्टर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या चिंताजनक जिवाणूंच्या यादीत होता.

मग रेणूंवर आधारलेली चाचणी खेड्यात कधीच उपयोगी पडत नाही का? पडते, आणि याचा जगातील एक अत्यंत भक्कम पुरावा महाराष्ट्राच्याच एका मागास जिल्ह्याने दिला आहे. रोग मात्र वेगळा: गर्भाशयमुखाचा कर्करोग.

टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास सुरू केला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया. एका गटाला एचपीव्ही विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, दुसऱ्याला पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील तपासणी, तिसऱ्याला अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली पाहणी, चौथ्याला नेहमीच्या आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. आठ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा एचपीव्ही चाचणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले होते, चौथ्या गटात ६४. पुढच्या टप्प्यातील कर्करोग अनुक्रमे ३९ आणि ८२. उरलेल्या दोन गटांत मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. डॉ. आर. शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांचा हा निबंध २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांच्या धोरणात त्याची दखल घेतली गेली. चौथ्या गटाला तपासणीपासून दूर ठेवल्याबद्दल पुढे त्यावर नैतिक आक्षेपही घेतले गेले. तेही नोंदवलेच पाहिजेत.

हे यश केवळ चाचणीचे होते काय? तसे म्हणणे अर्धसत्य ठरेल. एचपीव्ही हे त्या कर्करोगाचे जवळजवळ अनिवार्य कारण; विषाणू नसेल तर धोका नाहीसाच. तपासलेल्या दहा स्त्रियांपैकी साधारण एकीतच तो सापडला. सापडल्यावर गर्भाशयमुख तपासता येते, खराब भाग तिथल्या तिथे गोठवून वा काढून टाकता येतो. जठराबाबत यांतली प्रत्येक गोष्ट उलटी आहे: जिवाणू निम्म्यांत, कर्करोग क्वचितात आणि पाहायचे तर घशातून दुर्बीण उतरवायची. दुसरी गोष्ट म्हणजे माणसांची जोड. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांत १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली होती. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लक्षणे समजावून सांगत, संशयितांना रुग्णालयात घेऊन येत. डॉ. कस्तुरी जयंत, डॉ. भ. म. नेने आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले की, केवळ या बोलण्या-फिरण्याने गर्भाशयमुखाचा कर्करोग आधीच्या टप्प्यात सापडू लागला. ना रेणू, ना यंत्र! डीएनए चाचणी आली ती अशा नांगरलेल्या जमिनीत; बोलावलेल्या स्त्रियांपैकी सुमारे ऐंशी टक्के तपासणीला आल्या त्या म्हणूनच. साध्या साधनांना कमी लेखण्याचेही कारण नाही. मुंबईच्या झोपडवस्त्यांत टाटा मेमोरियलनेच केलेल्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केलेल्या आम्लाच्या पाहणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

जठराच्या चाचणीमागे अशी साखळी उभी करायची, तर सरावलीच्या बाबतीत काय लागेल? रक्ताची नळी हा त्यातला सर्वांत सोपा भाग. ती सकाळच्या गाडीने निघाली तर दुपारी मुंबईच्या प्रयोगशाळेत पोहोचेल आणि अहवाल मोबाईलवर येईल. त्यानंतर मात्र त्या माणसाला स्वतः निघावे लागते. उपाशीपोटी, सोबत एक माणूस घेऊन, दोघांची मजुरी बुडवून. तुकडा तपासायला गेला तर निकालासाठी आणखी एक फेरी. शेकडो निरोगी माणसांना या फेऱ्यात अडकवून एक रुग्ण हाती लागणार असेल, तर तोच पैसा दुर्बिणीची सोय तालुक्याच्या जवळ आणण्यावर खर्च होणे अधिक शहाणपणाचे ठरेल.

सरसकट चाळणी आज योग्य नसली, तरी काही जणांनी तपासणी टाळू नये, हेही तितकेच खरे. ज्यांच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना जठराचा कर्करोग झाला आहे, त्यांनी डॉक्टरांशी बोलून जिवाणूची चाचणी करून घ्यावी. काही थोड्या कुटुंबांत सीडीएच१ या जनुकातील दोषामुळे हा रोग तरुणपणीच आणि पिढ्यान्पिढ्या होतो. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून १९९८ मध्ये हे उघड झाले. अशा घरांत जनुकीय चाचणी खरोखर जीव वाचवते, कारण तिथे प्रश्न लाखांचा नसून एका घराचा असतो. श्वासाची किंवा शौचाची हेलिकोबॅक्टर चाचणी करण्यापूर्वी आम्लाच्या गोळ्या साधारण दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे, डॉक्टरांना विचारून, बंद ठेवावी लागतात. हे न सांगता केलेल्या चाचणीचा ‘नाही’ हा निकाल भरवशाचा नसतो.

आणि ज्यांना लक्षणे आहेत, त्यांच्यासाठी रक्तातल्या खुणांची वाट पाहण्याचे कारणच नाही. पन्नाशीच्या पुढे नव्याने सुरू झालेले आणि न थांबणारे अपचन, घास अडकणे, वारंवार उलटी, कारण नसताना वजन उतरणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, यांपैकी काहीही असेल तर थेट दुर्बिणीची तपासणी हवी. (लोहाच्या गोळ्या चालू असल्या तरी शौचाचा रंग काळा होतो, हे आधी विचारून घ्यावे.)

या यादीत रक्तक्षयही येतो. आणि डहाणू-तलासरीत नेमके तेच लक्षण गर्दीत हरवते. अपुरा आहार, जंत, आदिवासी समाजात आढळणारा सिकलसेल, बाळंतपणे अशा अनेक कारणांनी इथे रक्त कमी असणे इतके नित्याचे झाले आहे, की पन्नाशीच्या पुरुषाचे हिमोग्लोबिन उतरलेले दिसले तरी लोहाच्या गोळ्या हातावर ठेवून त्याला घरी पाठवले जाण्याची भीती असते. पुरुषांत किंवा पाळी गेलेल्या स्त्रियांत लोहाच्या कमतरतेचा रक्तक्षय आढळला, तर पोटातून कुठे रक्त झिरपते आहे का, ते पाहावे, असा वैद्यकाचा जुना दंडक आहे. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. महिना-दोन महिने गोळ्या घेऊनही ते वर आले नाही, किंवा वर येऊन पुन्हा घसरले, तर त्या नोंदीसह रुग्णाला दुर्बिणीची सोय असलेल्या रुग्णालयात पाठवावे. त्यासाठी सिंगापूरच्या चाचणीची गरज नाही. आधीच्या भेटीचा आकडा केसपेपरवर लिहिलेला असावा आणि पुढच्या भेटीत तो कोणीतरी वाचावा, एवढे पुरे आहे.